कानामागचं हाड

शेजारच्या नानांना हल्ली कमी ऐकू येतं. "अहो, चहा!" म्हणून काकूंना तीनदा ओरडावं लागतं. नानांच्या जुन्या जीपचा गिअरबॉक्स घरघरू लागला, तसा मुलगा म्हणाला, "आता भंगारातच द्या."

नानांनी अंगणात इंजिन चालू ठेवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. "पुढचं बेअरिंग गेलंय." खोलल्यावर तेच निघालं. माझे दोन्ही कान शाबूत, पण मला नुसती घरघर ऐकू आली होती.

आज नवं बेअरिंग बसवून नाना पुन्हा तसेच डोळे मिटून ऐकत होते. घरघर पार गेली होती. काकू चहा घेऊन आल्या, पण ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसता नानांच्या पाठीवर हात टेकवला.

नाना म्हणाले, "आलो."