मशीन तळघरात आहे

मिस ओलेटा स्ट्रिकलंडना कुणाचाच भरवसा वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांना पगार त्याचाच मिळत होता. एकतीस वर्षं त्या आमच्या काउंटीच्या क्लार्क कचेरीत लग्नाचे परवाने देत होत्या. हातात हात घालून जोडपं समोर आलं की बाकीच्यांना प्रेम दिसायचं, यांना आधी बोटं दिसायची. कुणी कुणाला घट्ट धरलंय आणि कोण सोडवायला बघतंय, हे त्या पहिलं पाहायच्या. मी ट्रीव्हा, तेवीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतेय. काम त्यांनीच शिकवलं आणि कामाबरोबर तो स्वभावही चिकटला. माझा नवरा डॅरेल म्हणतो, मला यायला दहा मिनिटं उशीर झाला की तू माझ्याकडं अर्ज तपासल्यासारखी बघतेस. बघते तर.

आमच्याकडं परवाना नेला की साठ दिवसांत तो परत आणून द्यावा लागतो. लग्न लागलं असेल तर पास्टरची सही घेऊन, मोडलं असेल तर कोराच. असे कोरे परतलेले परवाने खालच्या खणात जातात. मिस ओलेटांचं मन ज्या जोडप्याबद्दल खायचं, त्यांच्या परवान्याच्या कोपऱ्यात त्या पेन्सिलीनं बारीकसा ठिपका द्यायच्या. म्हणजे हा कोरा येणार. दहातले सात तरी यायचेच. तसा आला की त्या दिवशी दुपारच्या डब्यातली सफरचंदाची तळलेली करंजी त्या एक जास्त खायच्या.

नुसत्या ठिपक्यावर त्यांचं भागत नसे. संशय आला की नवऱ्या मुलाला तळघरात पाठवायच्या. ‘ओळखपत्राची झेरॉक्स लागेल, मशीन खाली आहे.’ आमच्या पाठीमागं एक मशीन चांगलं चालू असायचं, पण बाहेरच्या माणसाला ते कुठलं ठाऊक! तो जिना उतरला की त्या मुलीकडं वाकून विचारायच्या, पोरी, हा माणूस तुला खरंच माहीत आहे का? हसू नका. एकदा अशीच एक मुलगी ढसाढसा रडायला लागली. तिला मागच्या दारानं तिच्या मावशीकडं पोचवली, आणि नंतर त्या गृहस्थाच्या आधीच्या दोन बायका निघाल्या, दोन्ही हयात. तेव्हापासून तळघराबद्दल मी कधी ब्र काढला नाही.

मला नोकरीला लागून वर्ष झालं होतं, तेव्हा हॉइट ब्रॅमलेट परवाना न्यायला आला. बोअरचे पंप दुरुस्त करणारा, चाळिशीला टेकलेला, नखांत ग्रीस. बरोबर जोनेल होती, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, मान खाली. मिस ओलेटांनी तिला विचारलं, जन्म कुठला? उत्तर हॉइटनं दिलं. आईचं माहेरचं आडनाव? तेही हॉइटनंच सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला मिस ओलेटांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला तळघरात धाडलं. मग जोनेलला म्हणाल्या, ‘आज तुझी उत्तरं देतोय, उद्या तुला तोंड उघडू देणार नाही.’ ती काहीच बोलली नाही. परवान्यावर ठिपका पडला.

साठाव्या दिवशी हॉइट एकटाच आला आणि कोरा परवाना काउंटरवर ठेवला. जोनेल बहिणीकडं टल्साला निघून गेली होती. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला की ती बोलताना अडखळते, अनोळखी माणसांपुढं तर फारच, म्हणून तिच्या वतीनं तो बोलत होता. मिस ओलेटांनी शिक्का मारला. ठिपका बरोबर निघाला होता, पण त्या दिवशी करंजीला त्यांनी हात लावला नाही आणि पुढं कधी त्याचं नावही काढलं नाही.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. गेल्या जुलैत आमच्या तळघरात पाणी भरलं, खालचं मशीन कायमचं गेलं आणि पाणी उपसायचा पंप बसवायला हॉइट आला. (मशीन गेलं तरी नवरे मुलगे खाली जातच राहिले. ते कसं चालू करायचं हे शोधण्यात त्यांचा उलट जास्त वेळ जायचा.) ऑगस्टात मिस ओलेटांच्या घरचा बोअर बंद पडला. पंचक्रोशीत दुसरा कुणी नाही, करतात काय, हॉइटलाच बोलावलं. पहिल्या दिवशी त्या त्याच्याजवळ उभं राहून नटबोल्ट मोजत होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. चौथ्यांदा तो गेला तेव्हा पंपाला काहीही झालेलं नव्हतं. तरी मिस ओलेटांनी पावटे शिजवले होते आणि मक्याचा पाव भाजला होता. सप्टेंबरात त्या ओठांना रंग लावून कचेरीत आल्या. वय सहासष्ट, लग्न कधी केलेलं नाही, आणि त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हवं होतं. मला इतका आनंद झाला की मी बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसले.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी ती दोघं माझ्यासमोर उभी राहिली. मिस ओलेटा काउंटरच्या पलीकडं, हे बघायलाच मला चमत्कारिक वाटत होतं. मी अर्ज भरला, शपथेसाठी दोघांना उजवा हात वर करायला लावला. हॉइट माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, ‘या वेळी पण मला तळघरात पाठवणार का?’

सगळे हसले. मिस ओलेटाही हसल्या, माझ्या कानावरची पेन्सिल काढून त्यांनी स्वतःच कोपऱ्यात ठिपका दिला आणि आणखी हसल्या. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. म्हणजे याला माहीत होतं! आपण खाली गेल्यावर वर काय झालं ते याला बावीस वर्षं माहीत होतं, आणि हा त्याच बाईशी लग्न करायला निघालाय?

एकदा संशय शिरला की तो काय गप्प बसतो! लग्नाची तारीख त्यानं डिसेंबरात ठेवली, शनिवारी, बरोबर अठ्ठावन्नाव्या दिवशी. इतकी उशिरा कशाला? म्हणे बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तोवर ती बरी होईल आणि चर्चमध्ये पियानो वाजवेल. मी पियानोवाल्या बहिणीची चौकशी केली. बहीण होती, गुडघाही होता. तरी माझं समाधान होईना. डॅरेलला विचारलं, हॉइटनं नवा कोट घेतलाय का? तो म्हणाला, मला काय ठाऊक. मी मनाशी जुळवून टाकलं, की हा सगळ्या गावासमोर मिस ओलेटांना चर्चमध्ये उभं करणार, स्वतः येणारच नाही आणि सोमवारी, साठाव्या दिवशी, कोरा परवाना माझ्यापुढं आणून टाकणार. फिट्टंफाट!

लग्नाला तीन दिवस राहिले. बुधवारी मिस ओलेटा मागच्या खोलीत, जुन्या नोंदवह्यांच्या कपाटापाशी, पडद्याच्या कापडाचे तुकडे उजेडात धरून बघत होत्या. मी दार लोटलं आणि म्हटलं, ‘मिस ओलेटा, हा माणूस तुम्हाला खरंच माहीत आहे का?’

शब्द त्यांचेच होते, हे मला बोलून झाल्यावर कळलं. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी कापडाचे तुकडे एकावर एक ठेवले, पर्समध्ये टाकले आणि कामाला बसल्या.

शुक्रवारी पास्टरचा फोन आला की लग्न होणार नाही. शनिवारचा दिवस मी घर घासूनपुसून काढण्यात घालवला. सोमवारी मिस ओलेटांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली, आणि दुपारी हॉइट आला. अंगात तपकिरी नवा कोट. बाहीवरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

‘कोराच आहे,’ तो म्हणाला आणि परवाना काउंटरवर ठेवला.

काय झालं, मी विचारलं. विचारायचं तोंड मला नव्हतं, तरी विचारलं.

‘गुरुवारी ती माझ्या पंपाच्या दुकानात आली. म्हणाली, मी जोनेलला काय सांगितलं ते तुला माहीत होतं? म्हटलं, हो, त्याच दिवशी कळलं. गाडीत बसल्या बसल्या जोनेलनंच सांगितलं.’

‘मग?’

‘मग म्हणाली, तरी माझ्याशी लग्न कशाला करतोस? मी सांगितलं. माझ्या आईला तिच्या लग्नाच्या वेळी कुणी असं बाजूला घेऊन विचारलं असतं, तर तिचे दात शाबूत राहिले असते. जोनेल गेली त्याचं वाईट वाटलं, पण विचारणाऱ्या बाईचा मला कधी राग आला नाही. ऑगस्टात पंपाला गेलो, तेव्हा म्हटलं, हीच ती.’

‘आणि त्या काय म्हणाल्या?’

‘म्हणाली, इतकं चांगलं कुणी नसतं, हॉइट. एवढंच.’ त्यानं त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. ‘मंगळवारी फोनवर अर्धा तास पडद्यांबद्दल बोलत होती. तळघराचं मी गमतीनं म्हटलं होतं, ट्रीव्हा.’

माझे डोळे भरून आले, आणि या माणसासमोर तर मला रडायचं नव्हतं. तेवीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. ‘ओळखपत्राची झेरॉक्स लागेल. मशीन खाली आहे.’

त्यानं माझ्या पाठीमागं चालू असलेल्या मशीनकडं पाहिलं. मग टोपी उचलली आणि मुकाट्यानं जिना उतरला.

मी घाईघाईनं मिस ओलेटांना फोन लावला. म्हटलं, माझं चुकलं, साफ चुकलं, त्यानं कोट घेतलाय, बाहीला चिठ्ठी आहे, तो तुमच्यासाठीच येणार होता. कचेरी साडेचारपर्यंत उघडी आहे, पास्टरला मी घेऊन येते.

‘तो तुझ्यावर रागावला का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘बघ, रागावतसुद्धा नाही. त्याचीच मला भीती वाटते, पोरी. शिक्का मार.’ आणि फोन ठेवला.

मग मी रडले. अगदी नाक लाल होईपर्यंत रडले, तोंड पुसलं, शिक्का शाईत बुडवून तयार ठेवला. हॉइट बऱ्याच वेळानं वर आला. हात रिकामे होते.

‘मशीन बंद आहे,’ तो म्हणाला.

‘हो. जुलैपासून.’

‘माहीत आहे. तिथला पंप मीच बसवलाय.’ त्यानं परवाना माझ्याकडं सरकवला. ‘तुझं झालं असेल तर मार शिक्का.’

मी शिक्का मारला आणि खालचा खण उघडला.