सहाव्या पानावरची खूण

अण्णांनी मासिक माझ्या हाती दिलं तेव्हा माझ्याकडे आठवीची गुणपत्रिका होती, तीही नापासाची. हे मी कुणी विचारल्याशिवाय अजून सांगत नाही. कार्यक्रमात कुणी ‘संपादक महोदय’ म्हणालं की वाटतं, मागं कुणीतरी उभं असेल.

मी भंडाऱ्याकडचा. शाळा सुटली आणि इकडंतिकडं करत राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चिंचोळी एमआयडीसीत धाग्याच्या कारखान्यात लागलो. यंत्रांच्या आवाजात तोंडानं बोलणं व्हायचं नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. त्यावर चार पानं लिहून शहरातल्या एका मासिकाला पाठवली. मासिक म्हणजे चादरीच्या दुकानावरची एक खोली आणि तिच्यात अण्णा. त्यांचं पोस्टकार्ड आलं, ‘येऊन भेटा.’

गेलो. माझी पानं समोर होती आणि तिसऱ्या पानावर पेन्सिलीची एक फुली.

“हितनं सुरू होतंय तुझं,” अण्णा म्हणाले. “त्याच्या आधीचं सगळं घसा खाकरणं हाय. काढू?”

मी म्हणालो, “काढा जी.”

“जी?” ते हसले. “कुठला रे तू?”

तेव्हापासून मी त्यांचा ‘भंडारा’ झालो. “ए भंडारा, चहा सांग की.” “भंडारा, आज भात न्हाय मिळाला काय, तोंड असं का?” पण माझं लिहिलेलं कुणी शेवटपर्यंत वाचलं होतं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. त्या एका फुलीपायी मी सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत जायला लागलो आणि काही वर्षांनी कारखाना सोडून तिथंच बसलो.

अण्णांचे नियम दोन. आलेलं प्रत्येक लिखाण शेवटपर्यंत वाचायचं आणि जिथं ते खरं सुरू होतं तिथं फुली मारायची, लिहिणारा कितीही मोठा असो. एका प्राध्यापकांच्या लेखावर त्यांनी नवव्या पानावर फुली मारली होती, लेख दहा पानांचा. दुसरा नियम स्वतःसाठी: संपादकानं आपल्या अंकात आपलं काही छापायचं नाही. तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. डोळे अधू झाले तेव्हा टेबल मला दिलं आणि घरी बसले.

पुढच्याच उन्हाळ्यात एका दुपारी ते जिना चढून आले. हातात अकरा पानं, आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा. लेख परत हवा असेल तर लिफाफा जोडावा, असं आम्ही दर अंकात छापतो. अण्णांचं घर दोन गल्ल्या सोडून.

“आता मी संपादक न्हाय,” ते म्हणाले. “वाच आणि सांग.”

ते गेल्याबरोबर वाचलं. पहिली पाच पानं शहराच्या गिरण्यांचा इतिहास, भाषणात असतो तसा. सहाव्या पानावर त्यांची आई आली. नोकरी शोधत घरी बसलेले असताना अण्णा अंगणात विड्या वळणाऱ्या बायकांना मराठी पेपर घरच्या तेलुगूत वाचून दाखवायचे. कंटाळा आला की बायका हात न थांबवता म्हणायच्या, ‘ते सोड, पुढचं सांग.’ आई म्हणायची, ‘नीट सांग, नाहीतर उठ हितनं.’ तिथून शेवटपर्यंत मी श्वास रोखून वाचलं.

फुली कुठं मारायची ते मला ठाऊक होतं. पेन्सिल हातात होती. पण अण्णांची पाच पानं काढायची? आठवी नापास माणसानं? ज्यांच्यामुळे मी उभा आहे त्यांना सांगायचं, घसा खाकरताय म्हणून? मी पेन्सिल ठेवली आणि फोन केला. “फार सुंदर आहे अण्णा. दिवाळी अंकात पहिलंच घेतो.”

संध्याकाळी ते आले. पानं डोळ्यांजवळ धरून एकेक उलटली.

“खूण कुठाय?”

“तुमच्या लेखाला कसली खूण, अण्णा?”

“पेन्सिल हरवली व्हय रे तुझी?” मी हसलो. ते हसले नाहीत. “अकरा पानं हायत. एक तर तू वाचली न्हाईस, न्हायतर घाबरलास.”

“मी काय सांगणार तुम्हाला...”

“दुसरं कोण सांगणार? त्यासाठीच तर बसवलाय तुला तितं.”

तेव्हाही बोलता आलं असतं. सहावं पान, अण्णा, एवढंच. मी चहा सांगतो म्हणालो. त्यांनी पानांची घडी घातली, “साभार परत,” म्हणाले आणि हळूहळू जिना उतरले. लिफाफा टेबलावरच राहिला.

दिवाळीच्या आधी अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या पत्नीला, काकूंना, पानांचं विचारलं. “त्यांनीच रद्दीत घातली की,” त्या म्हणाल्या. “म्हणाले, भंडाऱ्यालाबी काय सापडलं न्हाय त्यात.”

दिवाळी अंकात मी अण्णांवर लिहिलं, त्यांचा फोटो छापला, लोकांनी छान म्हटलं. पहिली दोन पानं फुकट होती. सांगणारं कुणी नव्हतं.

लिफाफा माझ्या खणात आहे. आता लेख मोबाइलवर येतात, मी ते छापून घेतो आणि फुली मारतो, ओळखीच्यांच्याही. अण्णांची फुली सहाव्या पानावर मारायची होती, वरून तिसऱ्या ओळीला, ‘ते सोड’च्या अगदी आधी.