प्लायवूडवरचं स्टेशन

चहा गार झाला तरी चालेल, पण मधे तोंड घालू नका. हा किस्सा सांगणं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत मारणं आहे, आणि असली कामं एका दमात उरकलेली बरी.

मी कॉलेज सोडलं तिथपासून सुरुवात. का सोडलं ते विचारू नका. आजोबांनी महाडकडच्या गावात दुसऱ्यांची गुरं राखली, बाप कंदिलाखाली शिकून ड्राफ्ट्समन झाला, आणि तिसऱ्या पिढीनं सेकंड इयरच्या वह्या रद्दीत घातल्या. आमच्याकडे माणूस दारू प्यायला तर लोक समजून घेतात. शाळा-कॉलेज सोडलं तर नाही.

अप्पांनी, म्हणजे माझ्या बापानं, माझ्याशी बोलणंच टाकलं. एका खोलीचं आणि किचनचं घर. मी चार फुटांवर बसलेलो, आणि हे आईला सांगणार, "त्याला म्हणावं, पंखा बंद कर." आई वळून मला सांगणार, "मिल्या, पंखा बंद कर." मी आईला सांगणार, "त्यांना म्हणावं, पंखा बंदच आहे, लाइट गेलीय." आई दोघांकडे बघून भाकरी थापायला जायची.

त्या काळात मला एकच गोष्ट धड येत होती. आगगाडी. खरी नाही. नेरूळला खरी अजून कुठली? खाडीपलीकडे रेल्वे, अलीकडे बस आणि धूळ. माझी आगगाडी करंगळीएवढ्या डब्यांची, विजेवर चालणारी, विलायती. बोटीवरून आलेल्या एका खलाशाकडून घेतलेली, जुनी. पेटीत रूळ होते सतरा तुकडे. त्यात तेरा वाकडे आणि चारच सरळ. हे लक्षात ठेवा, माझ्या आयुष्याचं वळण त्या तेरा तुकड्यांनी ठरवलं.

सहा बाय चारचं प्लायवूड आणलं. दिवसा खाटेवर आडवं, रात्री भिंतीला उभं. त्यावर मी नेरूळ वसवायला घेतलं. काडेपेट्यांच्या बिल्डिंगा. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं, हिरव्या रंगात बुडवून. लाकडाच्या भुशाचं गवत. बॉलपेनच्या रिफिलीचे सिग्नल. गाडी एका ठिकाणी सारखी घसरायची, म्हणून मी तीन आठवडे तिथला रूळ पोस्टकार्डाच्या चकत्या घालून उचलत होतो, एका वेळी एक चकती. तीन आठवडे. कॉलेजात मी तीन तास सलग बसलो नव्हतो.

प्लायवूड स्वस्तातलं, खडबडीत. म्हणून आधी त्यावर कागद चिकटवला. अप्पा ऑफिसातून बाद झालेल्या नकाशांच्या छापील प्रती आणायचे, वह्यांना कव्हर घालायला. शहर वसवणाऱ्या ऑफिसातले नकाशे, मोठे कागद, नाकाला झोंबणारा वास. आता वह्याच नाहीत म्हटल्यावर कव्हरं कशाला? मी त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि मैद्याच्या खळीनं चिकटवून टाकला. बघितला का? नाही. बापाच्या कामाकडे बघायचं नाही हे माझं तेव्हा तत्त्व होतं. डावीकडे खाडीची रेघ दिसली, तिच्या कडेला सारसोळे गाव दिसलं, एवढं बस झालं. उजव्या कोपऱ्यात प्लायवूडला मुठीएवढं भोक होतं, त्यावर वर्तमानपत्रं आणि खळ यांचा डोंगर उभा केला. खूप देखणा डोंगर. आणि तेरा वाकड्या तुकड्यांना वळायला जागा हवी, तर चार सरळ तुकडे एकाच ठिकाणी बसत होते. सारसोळ्याला चिकटून. तिथं मी स्टेशन टाकलं.

झालं. शहर तयार. तेवढ्यात वरून हुकूम आला, अर्थात आईच्या तोंडून.

"अप्पा म्हणतायत, दिवाळीपर्यंत काहीतरी कामधंदा धर. नाहीतर हे फळकूट भंगारवाल्याला."

"त्यांना म्हणावं, भंगारवाल्याला मला पण द्या."

"ते म्हणाले, तो घेणार नाही."

दिवाळीला चार महिने होते. माझ्या शहराचं आयुष्य चार महिने.

आता आमच्या सोसायटीचे चेअरमन सबनीस आत येतात. रिटायर्ड माणूस. रिटायर झाल्यावर काही लोक देवाचं करतात, काही बागेचं. हा दुसऱ्यांच्या मुलांचं करायचा. कसल्याशा कागदावर सही घ्यायला आला, अप्पा घरी नव्हते, म्हणून मोर्चा माझ्याकडे.

"काय मिलिंद, खेळणी मांडून बसलायस? आमचा श्रीकांत तुझ्याच वयाचा. बँकेत लागला."

त्याचा श्रीकांत मला गेल्या सहा महिन्यांत या माणसानं अकरा वेळा सांगितला होता. मी गाडी फिरवत राहिलो. तेवढ्यात सबनीसची नजर फळीच्या कडेला गेली. भुशाखालून कागदाचा एक कोपरा डोकावत होता, त्यावर ऑफिसचा शिक्का.

सबनीसचा आवाज एकदम खाली आला. "हे... अप्पांच्या ऑफिसातलं?"

मी काहीच बोललो नसतो तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं. पण श्रीकांत डोक्यात बसला होता.

"काका, तुम्ही हे बघितलं नाही," मी म्हणालो. "आणि मी तुम्हाला काही बोललो नाही."

"स्टेशन सारसोळ्याला?"

"मी कुठं काय म्हटलं?"

सबनीस पाय न वाजवता निघून गेला. पंधरा दिवसांत सोसायटीची सभा. विषय एकच: पश्चिमेची कंपाउंड वॉल फोडून स्टेशनच्या बाजूला गेट काढणे. ठराव एकमतानं पास. अप्पा सभांना जात नसत. पश्चिमेला काय होतं? खाजण. चिखल, तिवरं आणि चार म्हशी. गेट उघडलं त्या सकाळी एक म्हैस आत आली आणि सबनीसच्या तुळशीपाशी जाऊन उभी राहिली. मी गॅलरीतून बघून पोट धरून हसलो. किती सुशिक्षित गाढवं आहेत ही म्हातारी मंडळी, हे माझं त्या दिवसाचं मत. लिहून ठेवा.

मग सबनीसनं एका बाईला मासे घेताना सांगितलं, "आता काय, तुमच्या दारात स्टेशन." ती होती सारसोळ्याच्या बुधाजी कोळ्याची बायको. दुसऱ्या दिवशी दुपारी बुधाजी आमच्या दारात. साठीचा, काळा, उघडा, खांद्यावर टॉवेल. मागं पाच माणसं, जिन्यात अजून बायका.

"तू तो पोरगा का? दाखव रं."

दाखवलं. न दाखवून सांगतो कुणाला. बुधाजी फळीवर वाकला, खाडीच्या रेघेवरून बोट फिरवत आला आणि माझ्या स्टेशनवर थांबला.

"यो कनाला इथं बसवलास? ही आमची जाली सुकवाची जागा हाय. कोनाला इचारलास?"

"काका, हे खेळणं आहे. खरं नाही."

"खेलनं?" बुधाजी मागं बघून हसला, पण मागचं कोणी हसलं नाही. "पयल्या येलेला सायबांनी पन असाच टेबलावर मांडून दाखवलेला. निली-हिरवी घरं, बारकी-बारकी झारं. आमी बोललो, काय सुंदर हाय. पोरांना दाखवाला आनली. मंग दोन वर्सांत शेतं गेली. तू मना खेलनं सांगतोस?"

सबनीसला फसवताना मजा आली होती. या माणसाला मी खरं सांगत होतो आणि त्याला ते खोटं वाटत होतं.

"कुठं हलवू सांगा," मी म्हणालो.

गावाबाहेरच्या पिंपळाच्या जागी मी घोसाळ्याचं मोठं झाड लावलं होतं, त्यावर बुधाजीनं बोट ठेवलं. "इथं. पिंपलाचे मांगं. तिथं कोनाचं काय नाय."

मी रूळ उखडले. वाकडे तुकडे परत जुळवले, दोन तास लागले. सहा माणसं माझ्या मानेवर श्वास सोडत उभी. आईनं सगळ्यांना चहा केला. शेवटी स्टेशन चार बोटं वर सरकलं आणि गाडी एकदा न घसरता पिंपळामागून गेली, तेव्हा जिन्यातल्या बायकांपर्यंत कळवण्यात आलं की जागा सुटली. बुधाजीनं जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी पाच बोंबील पाठवले.

प्रकरण मिटलं असं मला वाटलं. कसलं मिटतंय. सबनीस दुसऱ्या दिवशी सगळ्या जिन्यात सांगत फिरला, "बघा, गावकऱ्यांचा आक्षेप आला आणि प्लॅनमध्ये फेरफार झाला. म्हणजे सरकारीच. खोटं असतं तर बदललं असतं का?"

नंतर दोन महिने मी ते विसरलो. सिग्नलला टॉर्चचे बल्ब लावत होतो. दिवाळी पंधरा दिवसांवर आली तसा मात्र जीव खालीवर. कारखान्यात जायचं नव्हतं, अप्पांच्या ओळखीनं तर मुळीच नाही. वाशीला एका हॉटेलात चहा पीत बसलो होतो. शेजारी एक सिमेंटचा व्यापारी आणि एक ट्रकवाला.

"भाऊ, पक्की खबर. आतल्या माणसाकडून," ट्रकवाला सांगत होता. "स्टेशन पिंपळामागं. दोन प्लॅटफॉर्म, वर पूल. आधी सारसोळ्याला होतं, मग बदललं. मोठा लफडा झाला होता, सहाशे लोक गेले होते ऑफिसवर."

तुम्ही म्हणाल, तेव्हाच ओळखायला हवं होतं. बरोबर आहे. सबनीसनं सुद्धा ओळखलं असतं. त्या म्हशीनं ओळखलं असतं. पण माझ्या डोक्यात काय आलं माहितेय? माझ्या डोक्यात आलं, च्यायला, मी बरोबर होतो. सरकारच्या इंजिनियर लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खपवून जी जागा काढली, ती मी तेरा वाकड्या रुळांवर काढली होती. सहाशे लोकांचा मोर्चा मी कधी ऐकला नव्हता, पण मी पेपर कुठं वाचतो? कॉलेज सोडल्याचा त्या दिवशी मला पहिल्यांदा मनापासून अभिमान वाटला.

घरी नकाशे काढणारा बाप बसला होता. एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं. पण त्याला विचारायचं म्हणजे आईमार्फत, आणि विचारायचं म्हणजे विचारणं आलं.

आठ दिवसांत मी पिंपळामागं चहाची टपरी टाकली. बांबू बुधाजीनं दिले, स्टोव्ह आईचा. पाटी मी स्वतः रंगवली, 'स्टेशन टी हाउस'. बुधाजी बघून म्हणाला, "पोरा, टेसन येल तवा येल, तवर कोन पिनार?" मी त्याला म्हणालो, "काका, बिझनेसमध्ये आधी यायचं असतं."

गिऱ्हाईक दोन. सबनीस, जो रोज सकाळी नव्या गेटातून चिखल तुडवत जागा बघायला यायचा आणि फुकट प्यायचा. आणि बुधाजी, जो कीव म्हणून प्यायचा. तरी मी कामधंदा धरला होता, दिवाळीच्या आत. फळकूट वाचलं होतं. आईनं अप्पांना तसं सांगितलं.

दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळी अप्पा टपरीवर आले. घडीचा शर्ट, पायात चिखल. बाकड्यावर बसले. मी चहा दिला. चहा संपेपर्यंत त्यांनी सगळीकडे नीट बघितलं. पिंपळ, खाजण, म्हशी, पाटी. मग दीड वर्षानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले.

"पुढची गाडी किती वाजता?"

एवढंच. कप ठेवला आणि गेले.

टपरी तशीच टाकून मी त्यांच्या मागं घरी पळालो. बघतो तर आई झाडू घेऊन खाटेपाशी उभी, आणि फळीवर माझा डोंगर बसलेला. म्हणजे बसकण मारून बसलेला. उंदरानं आतून पोखरला होता. मैद्याची खळ, त्याला काय, वर्षभराचं जेवण. आईनं झाडू लावला तसा सगळा डोंगर सालासकट निघाला. खाली नकाशा, कोरा करकरीत.

अप्पा खाली वाकले. खिशातून रुमाल काढून त्यांनी उरलेला मैदा पुसला. भोकाच्या अगदी काठाला एक लांबट चौकोन होता, आणि त्याच्यावर अप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'नियोजित रेल्वे स्थानक'. माझ्या टपरीपासून मोजून फळीच्या दुसऱ्या टोकाला.

"ही रेघ मीच ओढलीय," अप्पा म्हणाले. "बाकीचं बदललं म्हणून कागद बाद झाला. स्टेशन होतं तिथंच आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस?"

आईनं दोघांकडे बघितलं. तिच्यामार्फत काहीच गेलं नव्हतं, तिला करमेना. "मग आता फळकुटाचं काय?" तिनं विचारलं.

अप्पा गाडीकडे वळले. मग त्यांनी एका बोटानं डबा पुढं ढकलून बघितला. "राहू दे," म्हणाले. "पण डोंगर तिकडून हलव म्हणावं."

ही रेल्वे अजून यायचीय, आली की बघा, मी म्हणतो तिथंच येईल. म्हणजे अप्पा म्हणतात तिथं. सबनीसचं गेट बुजवलं, टपरीत आता बुधाजी जाळी ठेवतो. आणि लोक म्हणतात ना, डोंगर पोखरून उंदीर काढला, तसं आमच्याकडे उंदरानं डोंगर पोखरून स्टेशन काढलं. तेव्हापासून मला एक कळलंय. आमच्या घरात नकाशा वाचता येणारे दोघंच. एक अप्पा, आणि दुसरा तो.