भिंतीवरची चादर

मामांना मामा केलं ते वळणावरच्या वाडीतल्या पोरांनी. मामांची थोरली बहीण त्या वाडीत दिलेली, तेव्हा तिथल्या पोरांचे ते मामा होणारच. पुढे पोरांच्या आया मामा म्हणायला लागल्या, मग म्हातारेकोतारे, मग कंडक्टर आणि शेवटी डेपोचे साहेबसुद्धा. सरकारी बस चालवण्यात मामांची उमर गेली आणि तीही बहुतेक त्याच एका रस्त्यावर.

या बहिणीचं, ताईंचं, घर रस्त्याच्या वर, टेकाडावर. अंगणाला कमरेएवढी दगडी भिंत. बसने वळण घेतलं की ती भिंत समोर दिसे. वाडीतून खाली यायची पायवाट लांब आणि घसरडी, आणि एक बस चुकली की दुसरी एकदम संध्याकाळी. म्हणून ताईंनी एक युक्ती काढली होती. कुणी वाटेत असलं की त्या भिंतीवर निळ्या पट्ट्यांची चादर टाकत. चादर दिसली की मामा थांब्यावर गाडी उभी करून ठेवत, मग खाली येणारी गुडघे धरून चालणारी आजी असो की दप्तर विसरून घरी परत पळालेला पोरगा. आतली मंडळी कुरकुरत. पण कुरकुरणाऱ्यांतले निम्मे कधी ना कधी त्याच चादरीच्या भरवशावर धावत आलेले, त्यामुळे आवाज फार चढत नसे.

कधीकधी खाली येणाऱ्या ताईच असत. हातात चहाचा थर्मास. कुठे जायचं नसायचं, काही नाही. खिडकीतून चहा द्यायचा, मफलर कुठाय म्हणून दटावायचं आणि परत टेकाड चढायचं. आई लवकर गेली, तेव्हा मामांना ताईंनीच वाढवलं होतं; ड्रायव्हर झाला म्हणून काही तो त्यांच्या लेखी मोठा झाला नव्हता.

गाडी मात्र म्हणाल तर खिळखिळी. पाऊस बाहेर थांबला तरी आत गळायची. वेळापत्रक म्हणजे नुसती इच्छा. लोक येताजाता शिव्या घालत, आणि त्यात फार खोटं होतं असं नाही. डेपोच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात सेवेचं ध्येय लिहिलेलं होतं: प्रवाशांचं समाधान. त्याखाली बाकावर बसून प्रवासी भांडत.

मग तो फेरा बंद झाला. गाडी आपल्या डिझेलपुरतंही कमवत नाही, असं वरून आलं. मामांना दुसऱ्या रस्त्यावर गाडी मिळत होती. ती सोडून ते खाजगी कंपनीत गेले. लोकांना वाटलं, पगारासाठी गेले. पगार बरा होता, खोटं कशाला बोला. पण खरं कारण वेगळं होतं: कंपनीची बस त्याच रस्त्याने जायची. थांबणार नव्हती, पण जायची तर होती.

पहिल्याच दिवशी एका तरुण साहेबाने पडद्यावर कंपनीची उद्दिष्टं दाखवली. वेळ, नफा आणि प्रवाशांचं समाधान. मामांना हसू आलं. तेच शब्द, नुसतं रंगकाम नवीन. फरक कळायला त्यांना आठवडा लागला. डेपोच्या लेखी प्रवासी म्हणजे रस्त्याच्या कडेला उभा असलेलाही. कंपनीच्या लेखी प्रवासी म्हणजे तिकीट काढून आत बसलेला. साहेब काही वाईट माणूस नव्हता. मामांना तो अदबीने ‘कॅप्टन’ म्हणायचा. हे कॅप्टन ऐकून ताई फोनवर इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

रोज दुपारी बस वळण घ्यायची. गार हवा, मऊ खुर्च्या, पडदे ओढून पेंगणारी माणसं. मामा गिअर उतरवायचे, भिंतीकडे बघायचे आणि पुढे जायचे. ताई तिथे उभ्या असायच्या, कधी नसायच्याही. सुट्टी मिळाली की मामा भेटायला जात, पण सुट्टी मिळायची क्वचित आणि वाडीला जायला आता बसच नव्हती. ज्या माणसाच्या दारावरून रोज जावं, त्याच्याशी दोन शब्द बोलता येऊ नयेत, याचं त्यांना फार वाईट वाटे. बायकोजवळ ते तसं म्हणतही.

एका दुपारी भिंतीवर चादर दिसली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मनात काही यायच्या आत मामांचा पाय ब्रेकवर गेला होता. बस थांब्यावर उभी राहिली, दारही उघडलं. पायवाट रिकामी. आतून कुणीतरी विचारलं, काय झालं? मामा वर बघत राहिले. ताई भिंतीशी आल्या, हात हलवून ‘जा, जा’ म्हणाल्या आणि घाईघाईने चादर काढून घेतली.

कंपनीला बस कुठे थांबली ते खुर्चीत बसून दिसतं. साहेबाने मामांना बोलावलं, बसायला सांगितलं आणि पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं हळू आवाजात समजावलं. मामांच्या बायकोकडून ते ताईंना कळलं. दुसऱ्या दिवसापासून भिंत मोकळी. चादर नाही, ताईही नाहीत.

आठवडाभर मोकळी भिंत बघून मामांचा जीव कासावीस झाला. शेवटी त्यांनी फोन केला.

“चादर ओली होती रे,” ताई म्हणाल्या. “सवयीने टाकली गेली. आता मागच्या बाजूला वाळत घालते.”

ओली चादर जड लोंबते. ती तर वाऱ्यावर फडफडत होती. मामांना ते त्याच दिवशी दिसलं होतं.

“मागे ऊन कुठे येतं, ताई?”

“येतं थोडं. तुझी भाकरी जायला नको माझ्यापायी. उगाच पाय ब्रेकवर जायचा.”

“नाही जाणार. तू भिंतीवरच टाक. मी थांबणार नाही, पण मला दिसू दे.”

मग ताईंनी विचारलं, मफलर घालतोस ना?

दुसऱ्या दिवशी वळणावर निळे पट्टे दिसले. चादरीशेजारी ताई उभ्या होत्या, थर्मास भिंतीवर ठेवलेला. मामांनी गिअर उतरवला. उजवा पाय त्यांनी मांडी आवळून ॲक्सिलरेटरवर दाबून धरला. ताईंनी हात वर केला, तो आरशात लहान होत गेला तरी वरच होता.

स्टँडवर उतरताना एक प्रवासी घड्याळ बघून म्हणाला, “वा कॅप्टन, आज अगदी वेळेवर.”