आईच्या कमरेला बांधलेला प्रोजेक्ट

माझी आजी वारल्यानंतर दीड वर्षाने तिने आमच्या कॉलेजच्या सर्व्हेत भाग घेतला. तिचं मत फार चांगलं होतं.

झालं असं. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला 'रोजच्या वापरातली एक साधी वस्तू तयार करा' असा प्रोजेक्ट होता. टीममध्ये मी, प्रणाली आणि मालेगावचा सागर (वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, म्हणून तोच टीमचा मेंदू!). आम्ही ठरवलं, शेतात तण निंदणाऱ्या बायांसाठी कमरेला बांधायचं स्टूल करायचं. बाई पुढे सरकली की स्टूल मागोमाग. हात मोकळे, कमरेला आराम! वजन कमी राहावं म्हणून सागरने त्याला पाय एकच दिला.

"आधी वीस बायांना विचारून या," सर म्हणाले होते. मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर तीन कट चहात आम्ही वीसही बायांना विचारून आलो. नावं माझ्या गावची, मतं सागरची, अक्षर प्रणालीचं. एकोणीस नावांवर माझी गाडी अडली, तेव्हा आजी आठवली.

सरांना सर्व्हे इतका आवडला, की ते आम्हा तिघांना घेऊन थेट माझ्या घरच्या वावरात आले! आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला, काळी माती लोण्यासारखी. सोयाबीनमध्ये आई, विमलकाकी आणि चार-पाच बाया निंदत होत्या. मी आईच्या कमरेला स्टूलचा पट्टा आवळला.

"मांगं शेपूट काहून लावून राह्यला बापू?" आई पुटपुटली.

"सर पाहून राह्यले. तू फक्त बस."

आई बसली. पोराच्या मार्कांसाठी हसत बसली. आणि हसत हसतच खाली जाऊ लागली! तो एकुलता एक पाय सरळ मातीत उतरत होता आणि वर आई, लिफ्टमध्ये बसल्यासारखी.

"उठा, उठा!" सर ओरडले.

"उठू कशी? ह्यानं धरून ठेवलं ना मले!"

पट्ट्याचं बक्कल चिखलाने जाम. एक हात मी धरला, एक सरांनी. ओढलं. 'भच्च' असा आवाज झाला आणि आई, स्टूल व सर एकाच ओळीत आडवे! सरांची फाइल उडून विमलकाकीपुढे पडली. काकी सातवी शिकलेली. (हा धोका आम्ही धरलाच नव्हता.)

"विमलबाई, वय बत्तीस," काकी मोठ्याने वाचू लागली. "'स्टूल वापरून पाहिलं, अतिशय आवडलं.' बाप्पा! म्या कवा पाह्यलं रे?" तिने पान उलटलं. "गिरजाबाई. 'बसल्यापासून खूप आराम वाटतो.'" काकी थांबली. "अरे, बुढीले तर जाऊन दीड साल झालं!"

तेवढ्यात चिखलातून आईच म्हणाली, "आराम तर पडला असन तिले."

बाया पोट धरून हसल्या. सर हसले नाहीत. मलाही त्या पायासारखं जमिनीत जावंसं वाटलं, पण माझ्यापुरती माती काही मऊ होईना.

आईने विळ्याने पट्टा कापला. "बसून तर आमी निंदतोच रे. उठता-बसता गुडघे दुखतात. इचारलं असतं त सांगतलं असतं." रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सरांची चप्पल चिखलातून काढली, पदराने पुसली आणि म्हणाली, "सर, पोट्ट्याले नापास नका करू." प्रणाली रडायलाच लागली. सागर उगाच स्टूल पुसत राहिला.

सरांनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन आईसमोर बसलो.

"तुले नेमकं काय पाहिजे?"

"लांब दांड्याचं खुरपं. उभ्यानं निंदता येईन असं."

आम्ही पंधरा दिवस सागरच्या दुकानात खपलो. चार दांडे मोडले, पाचवा टिकला. खुरपं आईच्या हातात दिलं. तिने एक ओळ निंदून पाहिली.

"बेस आहे. मंगरूळपीरच्या बाजारात भेटते, तसंच जमलं!"

"बाजारात भेटते? मंग सांगतलं काहून नाही?"

"दोन सालापासून सांगून राह्यली ना बापू, कॉलेजातून येता येता एक घेऊन ये म्हणून!"