आत्यांना न लागणारी गाडी

माझ्या सासूबाईंना गाडी लागते. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, आणि आत्यांना गाडी लागते म्हणजे घाटात जरा मळमळतं असं नव्हे. दार बंद झालं, काच वर गेली, की त्यांचा चेहरा उतरतो. केडगावातून निघालेली गाडी चौफुल्याला पोचायच्या आत पिशवी तोंडाशी. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, पोटावर वर्तमानपत्राची घडी ठेवून झाली, डॉक्टरांची गोळीही झाली. गोळीने फरक इतकाच पडला की उलटी झोपेत झाली.

एवढ्यासाठी कोणी नवी गाडी घेत नाही, हे मला मान्य आहे. पण आत्यांचं माहेर कवठे येमाईला. न्हावरा, शिरूर, मलठण करत दोन-अडीच तास. सासरे होते तोवर त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या वर्षातून चारदा जायच्या आणि उतरल्या उतरल्या भाकरी खायच्या. सासरे गेले. मग आत्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दुचाकी कायमची बंद केली. तेव्हापासून सहा वर्षं माहेर बंद. तिथे त्यांचे थोरले भाऊ आहेत, ऐंशीच्या पुढचे, गुडघ्यांनी आणि कानांनी थकलेले. गुडघ्यांमुळे ते इकडे येऊ शकत नाहीत आणि कानांमुळे फोन चालत नाही. दर भाऊबीजेला ह्या इकडून ओरडायच्या, "दादा, जेवला का?" आणि ते तिकडून ओरडायचे, "न्हाई, औंदा पाऊस बरा हाय." फोन ठेवला की आत्या घासलेलीच भांडी परत घासायला घ्यायच्या. मला ते बघवत नसे.

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत क्वालिटीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर सॅम्पल तपासायची आणि निकाल लिहायचा, हाच धंदा. त्यामुळे एके दिवशी आत्या शेजाऱ्यांच्या पिकअपच्या हौद्यात बसून वरवंडला लग्नाला गेल्या आणि जिलबी किती खाल्ली ते हसत सांगत परत आल्या, तेव्हा माझे कान टवकारले. मोटारसायकल लागत नाही. पिकअपचा हौदा लागत नाही. कार लागते, एसटी लागते, रिक्षा जरा कमी लागते. एवढी सॅम्पल पुरेशी होती. बाईंना गाडी लागतच नव्हती, छत लागत होतं.

"मग बिनछताची गाडी घेऊ," मी नवऱ्याला म्हटलं. त्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे त्याचं डोकं लगेच दुकानाकडे धावलं. म्हणाला, "पिकअपच घेऊ की. आईपण बसेल, पोतीपण बसतील." मणक्याचं ऑपरेशन झालेल्या आईला पोत्यांबरोबर आपटत नेणार का, असं मी जे सुरू झाले ते तो दुकान उघडायला निघून जाईपर्यंत थांबले नाही. माझा राग लवकर चढतो आणि बोलून झाल्याशिवाय उतरत नाही.

आत्यांची एकच अट होती. "माझ्यामुळं घेतली म्हनून कुनाला सांगायचं न्हाई. म्हातारी वकती म्हनून जीप घेतली, असं व्हायला नको." मी शब्द दिला. म्हणून गावाला, कंपनीला आणि माझ्या स्वतःच्या आईलाही मी सांगितलं की मला हौस आहे. बेचाळीस वर्षांच्या बाईला अचानक डोंगर चढणाऱ्या उघड्या गाडीची हौस कशी आली, हे कोणी विचारलं नाही. फक्त एकमेकांकडे बघितलं.

पुण्याच्या शोरूममधला पोरगेलासा सेल्समन सगळं नवऱ्याला सांगत होता आणि नवरा सगळं माझ्याकडे बघून ऐकत होता. "कापडी टपाची रोजच्या वापराला नका घेऊ, सर. धूळ येते, आवाज येतो, पावसात पळापळ होते. फॅमिलीवाले पक्क्या छताचीच नेतात." त्याचा शब्द न् शब्द खरा होता, ते मला पुढे रोज कळत गेलं. पण त्या दिवशी मी म्हटलं, टप काढून चक्कर मारायची असेल तरच बोलू. त्या बिचाऱ्याने तो टप जन्मात काढला नव्हता. तो आणि एक मेकॅनिक चेन, बटणं आणि पट्टे यांच्याशी वीस मिनिटं झटले. मग वाटेत दोन पिशव्या भरून आमच्याबरोबर पुण्यापर्यंत आलेल्या आत्यांना स्टुलावर चढवून पुढच्या सीटवर बसवलं. पट्टा लावला, मुठीत लिंबू. मी शोरूमसमोरच्या पुलावरून गाडी नेली, वळवली, परत आणली. आत्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आजून येक चक्कर मार." तिथेच गाडी ठरली.

आता रोजच्या वापराचं सांगते. केडगाव ते कुरकुंभ हायवेने मी रोज जाते-येते, आणि पहिल्या आठवड्यातच मला समजलं की कारमध्ये बसून मी इतकी वर्षं हा रस्ता बघितलाच नव्हता. आता पाटस आलं की भजी तळल्याचा वास येतो आणि कुरकुंभ आलं की कुठल्या कंपनीत आज काय चाललंय ते नाकाला आधी कळतं. उसाच्या दिवसांत तर बघायलाच नको. पाचट पेटवलं की काजळी उडत येऊन थेट मांडीवर. पांढरा ॲप्रन मी डब्याच्या पिशवीत नेते, अंगावर नेला तर लॅबमध्ये कोणी घेणार नाही. अवकाळी पाऊस आला की मी टप लावायला उतरते, आणि टप लागेपर्यंत पाऊस थांबतो. मग भिजलेल्या सीटवर टॉवेल टाकून बसायचं. कंपनीतल्या पोरी म्हणतात, मॅडम, तुमचे केस बघून हवेचा अंदाज येतो.

उघड्या गाडीचा आणखी एक गुण म्हणजे ती कोणाला परकी वाटत नाही. बंद कारला कोणी हात करत नाही. ह्या गाडीला सगळे हात करतात, आणि थांबली की विचारण्याआधी चढतात. सिग्नलला उभी असताना कोणीतरी मेथीची जुडी सीटवर टाकून "आत्याला द्या" म्हणून निघून जातो. दवाखान्यासमोर लावली तर परत येईपर्यंत मागे दोन बायका बसलेल्या असतात, चौफुल्यापर्यंत म्हणून. सुरुवातीला मी चिडले. मग त्या बायकांशी गप्पा मारायची मलाच चटक लागली.

पण खरी गंमत वेगळीच झाली. गाडी दारात आली त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डाची पंचायतीची जागा महिलांसाठी राखीव निघाली. आता आमच्याकडे उघडी जीप कोण घेतं? ज्याला तिच्यात उभं राहून हात जोडायचे असतात तो. गावाने दोन आणि दोन चार केले. कालपर्यंत मला वहिनी म्हणणारे चहाच्या टपरीवरचे लोक एकदम ताईसाहेब म्हणायला लागले. नवऱ्याच्या दुकानात खताचं पोतं घ्यायला आलेला माणूस जाताना हळूच म्हणायचा, "आपली धा मतं धरा." मी काही उभीबिभी राहत नाही, असं सांगितलं की लोक डोळे मिचकावून हसायचे, कारण उभं राहणारा प्रत्येक जण शेवटच्या दिवसापर्यंत हेच सांगतो. मग चौकात एक फ्लेक्स लागला. माझा लग्नातला फोटो, खाली "भावी सरपंच ताईसाहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा". माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो. हे दिवाळीच्या आधीचं चाललंय.

मी फ्लेक्स उतरवायला निघाले तर नवरा म्हणाला, राहू दे, खताची विक्री वाढलीय. त्यावर आमचं जे भांडण झालं ते गल्लीने ऐकलं आणि निष्कर्ष काढला की घरात तिकिटावरून वाद आहे.

आत्यांचं मात्र ह्यात लक्ष नव्हतं. त्यांचं सगळं चित्त भाऊबीजेवर. मी रजा टाकली होती. सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. त्या पहाटेच उठून तयार, हिरवं नऊवारी, पिशवीत निरांजन, कुंकू, सुपारी, अनारसे, आणि हातात नवं लिंबू. आणि पावणेआठला दारात तीन मोटारसायकली आणि एक मोठी पांढरी गाडी थांबली. विरोधी गटाचे एक वजनदार आप्पा, आणि बरोबर सात-आठ माणसं. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला आले होते म्हणे. बसले. चहा झाला. फराळ झाला. आप्पांनी आधी ऊसदराचा विषय काढला, मग पाण्याचा, मग रस्त्याचा, आणि साडेनऊला कुठे मुद्द्याच्या आसपास आले. "ताई, गावात बिनविरोध व्हावं, असं आमचं मत हाय. तुमचा मान आमी ठेऊ. पुढच्या टायमाला तुमीच."

मी म्हटलं, "आप्पा, मी उभीच राहत नाहीये." आप्पा म्हणाले, "तसंच म्हना तुमी. पन आकडा काय तो मोकळेपनानं बोला." माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. पण दारी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला सणाच्या दिवशी काय बोलणार? दुसरा चहा ठेवायला मी उठले, तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. लिंबू हातात दाबून दाबून चेपलं होतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर डोक्यावर ओढून सरळ बाहेर आल्या. आमच्या घरात पुरुषमाणसांच्या बैठकीत त्या कधी बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"ती उभी न्हाई ऱ्हात," आत्या म्हणाल्या. "गाडी तिनं माझ्यासाठी घेतलीया. मला बंद गाडीत उलट्या व्हत्यात. सा वर्सं झाली, माझ्या भावाचं त्वांड बघितलं न्हाई मी. आज भाऊबीज हाय. तुमाला कुनाला भैनी न्हाईत का? उठा आता."

मला रडू आलं, आणि हसूही आलं, कारण ज्या गोष्टीची वाच्यता नको म्हणून त्यांनी मला शपथेसारखी अट घातली होती, ती त्यांनीच अख्ख्या पार्टीसमोर सांगून टाकली होती. सगळ्यात आधी आप्पा उठले. कान पकडल्यासारखं करून म्हणाले, "चुकलं, आक्का. माझी भैनबी वाट बघत आसंल." आणि पांढऱ्या गाडीला रस्त्यातून बाजूला घ्यायला लावलं. फ्लेक्स मात्र पुढे महिनाभर तसाच होता.

दहाला निघालो. चौफुला मागे पडला, पारगावच्या पुलावर भीमेचा वारा लागला, आणि आत्यांनी डोळे मिटून तो घेतला. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाचा ट्रक पुढे आला. त्याचा काळा धूर थेट आमच्या तोंडावर. आत्यांचा चेहरा पांढरा पडला, हात पिशवीकडे गेला. सगळं व्यर्थ गेलं, असं वाटून मी गाडी कडेला घ्यायला लागले, तर ओरडल्या, "थांबतीस काय? फुडं घाल त्याच्या!" घातली. वाऱ्यावर धूर मागे गेला आणि त्यांचा रंग परत आला. शिरूरच्या स्टँडजवळ त्यांनी स्वतः होऊन भेळ मागितली. गाडीतून उतरून काही खाणाऱ्या आत्या मी पहिल्यांदा बघत होते. मलठणच्या पुढे तर तोंडाला खीळ नाही. ही विहीर कुणाची, हा चिंचेचा माळ कुणी विकला, ह्या बांधावरून कुणाचे किती खटले झाले. मी फक्त व्हय व्हय करत चालवत होते.

कवठ्यात घरासमोर गाडी लावली तेव्हा मामा, म्हणजे आत्यांचे भाऊ, ओसरीवर खुर्चीत बसले होते. हॉर्न त्यांना ऐकू गेला नाही. मी स्टूल ठेवलं, आत्या उतरल्या, अंगणातून चालत गेल्या आणि त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मामांनी वर बघितलं. ओळख पटली आणि त्यांचं तोंड एकदम भेदरलं. खुर्चीचे हात धरून उठायची धडपड करत ते म्हणाले, "कोन गेलं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपली बहीण गाडीत बसून इतक्या लांब येते म्हणजे घरात कोणीतरी गेलंच असणार, दुसरं कारण त्या म्हाताऱ्याला सुचतच नव्हतं.

"कोनी न्हाई गेलं, दादा," आत्या त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या. "भाऊबीज हाय आज. तुला ओवाळाय आले."

मामांनी ते दोनदा म्हणायला लावलं. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं असं मला नाही वाटत.

ओवाळणं झालं, जेवण झालं. दुपारभर दोघं ओसरीवर बसून एकमेकांच्या कानात ओरडत होते, आणि सगळी आळी त्यांच्या गप्पा ऐकत होती. ऊन कलल्यावर मी गाडीशी आले. मामांनी आत्यांचा हात सोडला नव्हता. म्हणाले, "आता कवा येशील?"

आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐतवारी."

त्या रविवारी माझी फर्स्ट शिफ्ट होती. मी स्टूल उचलून गाडीत ठेवलं आणि फाटकाबाहेर जाऊन शिफ्ट बदलून घ्यायला फोन लावला.