करड्या आईचे पांढरे पिल्लू

ऐंशीचे दशक सरत आले होते आणि ऑस्ट्रेलियात अल्पाका, म्हणजे उंटाच्या कुळातले लोकरीचे प्राणी, नुकतेच येऊ लागले होते. मी क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत आनुवंशिकता शिकवत होते. वसईचा आमचा मित्र फ्रान्सिस ॲरारॅटजवळच्या गावात डॉक्टर होता. "माझी मादी या वीकेंडला व्यायणार, येऊन बघ," असा त्याचा फोन आला आणि मी लगेच हो म्हटले.

शनिवारी पहाटे निघालो. तुम्ही गेलात, तर पेट्रोल आणि खिम्याचे गरम ‘पाय’ वाटेत बॅलरॅटलाच घ्या. पुढे दुकाने विरळ होतात. वसंतातही जाड स्वेटर हवाच, वारा हाडांत शिरतो. आभाळ त्या दिवशी पार माळावर टेकले होते.

गाडीत मी नवऱ्याला, विनायकला, सारे क्रमाने समजावत होते. गिरण्यांना पांढरी लोकर हवी असते, कारण तिच्यावर कोणताही रंग चढतो. फ्रान्सिसची मादी करडी, पण तिची लोकर फार तलम. म्हणून त्याने तिला शेजारच्या मळ्यावरचा पांढरा नर दाखवला होता. आईचा तलमपणा आणि बापाचा रंग घेऊन नर जन्मला, तर पुढची सारी पैदास त्याच्यावर उभी राहणार होती. त्या काळी एक मादी चांगल्या मोटारीहून महाग पडे. फ्रान्सिस अजून जुनीच गाडी चालवत होता.

"तास संपला की उठव," विनायक म्हणाला.

"गाडी तू चालवतोयस!"

पोहोचलो तेव्हा पिल्लू आपल्या पायांवर उभे होते. फ्रान्सिस गमबुटांत धावत फाटकाशी आला. "नर आहे, पांढराशुभ्र! आणि डोळे बघ, निळे! साहेब आहे साहेब!"

मी पिल्लाच्या पाठीवरची लोकर हळूच विलगली. बारीक, एकसारख्या लहरी थेट कातडीपर्यंत गेल्या होत्या. इतका तलम केस मी तोवर हाताळला नव्हता.

अल्पाकाची आई पिल्लाला चाटत नाही. ती तोंड मिटून गुणगुणते आणि पिल्लू मान वळवते. करडी मादी मागे उभी राहून गुणगुणली. पिल्लू कुंपणाकडे पाहत राहिले. ती पुन्हा गुणगुणली, जरा मोठ्याने. ते तसेच.

"फ्रान्सिस, निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरी पुष्कळदा बहिऱ्या असतात."

"मांजर नाही गं हे."

त्याने पिल्लामागे पत्र्याची बादली आपटली. सगळा कळप उधळला. पिल्लू स्थिर होते. आई का पळाली, हे न कळून तिच्याकडे बघत होते. फ्रान्सिसने बादली उचलली आणि पुन्हा आपटली.

मग त्याने कारण विचारले. ज्या पेशी रंग देतात, त्याच आतल्या कानालाही लागतात. त्या तिथवर पोहोचल्या नाहीत, तर कान निकामी राहतो, आणि हा दोष पुढच्या पिलांतही उतरू शकतो. मी हे नीट सांगितले. मला तेवढेच करता येत होते.

"म्हणजे याच्यापासून पैदास नाही."

"नाही."

"आणि लोकर?"

"उत्तम येईल."

रविवारी परतताना विनायकने काहीच चिडवले नाही. घरी माझ्या स्वेटरवर चार-पाच पांढरे केस निघाले; ते मी काचपट्टीवर ठेवून वर्गात दाखवू लागले. रंगाचा तो धडा मी आजही मन लावून शिकवते.

काही महिन्यांनी फ्रान्सिसचा फोन आला. पिल्लाला खच्ची केले होते, लोकर अप्रतिम होती.

"आणि आई?" मी विचारले.

"जाऊन नाकाने ढकलते त्याला. पण आधी हाक मारते. रोज."